गाडीवर चालेल आणि पायीही चालेल असा बूट

प्रश्न : मी रोज मोटरसायकलवरून कामाला जाते आणि सुट्टीच्या दिवशी लांब भटकायला. कुठेही पोचलं की गाडी लावायची आणि चार-पाच किलोमीटर पायी हिंडायचं, हा माझ्यासाठी फिरण्याचा अर्धा भाग आहे. अडचण बुटांची. पोटरीपर्यंत येणारे टूरिंग बूट घेतले होते. गाडीवर उत्तम, पण चालायला लागलं की घोट्याच्या पुढे घडी टोचते, टाच आत वरखाली होते आणि फोड येतात. म्हणून हल्ली ते घरीच राहतात आणि मी स्पोर्ट्स शूज घालून निघते. नवरा म्हणतो, ट्रेकिंगचे बूट घे, काम एकच. ऑफिसातला सहकारी म्हणतो, पोलादी टोपीचे सेफ्टी शूज घे. माझा पाय पुढे रुंद आणि टाच अरुंद आहे, डावा घोटा एकदा चांगलाच मुरगळलेला आहे. शिवाय मावसभाऊ त्याचे दहा वर्षं कपाटात पडून असलेले, जवळजवळ कोरे रायडिंग बूट द्यायला तयार आहे. दोन्हीकडे चालेल असा एकच जोड खरंच मिळतो का?

उत्तर : मिळतो. पण तो शोधताना बहुतेक जण बूट हातात घेऊन दाबून बघतात. मऊ लागला की चालायला चांगला, कडक लागला की गाडीला चांगला, असं ठरवून मोकळे होतात. तसं करू नका. मऊ की कडक, एवढंच विचारून भागत नाही. कुठल्या दिशेने मऊ आणि कुठल्या दिशेने कडक, हे बघावं लागतं.

चालताना पाऊल एकाच जागी वाकतं, चवड्यापाशी, बोटांच्या मुळाशी. आणि घोटा पुढेमागे झुकतो. बस, एवढीच मोकळीक चालणाऱ्याला हवी असते. गाडी अंगावर कलंडते तेव्हा जोर येतो तो निराळ्याच बाजूंनी. पाऊल गाडी आणि रस्त्याच्या मध्ये सापडून आडवं चेपलं जातं, फूटरेस्टमध्ये अडकून पिळवटतं, किंवा घोटा बाजूला मोडतो. म्हणजे चालायला लागणारी लवचिकता एका दिशेची आणि पडल्यावर लागणारा कणखरपणा दुसऱ्या दिशांचा. बूट बनवणाऱ्याने डोकं चालवलं असेल तर या दोन गोष्टी एकाच जोडात नांदतात. तुमचे टूरिंग बूट सगळ्याच दिशांनी ताठ आहेत आणि स्पोर्ट्स शूज सगळ्याच दिशांनी ढिले, म्हणून तुमची ही ओढाताण.

दुकानात गेलात की पायात घालण्याआधी बूट हातात घ्या. एका हाताने टाच, दुसऱ्याने पुढचं टोक धरून वर वाकवा. घडी बुटाच्या सगळ्यात रुंद भागात पडली पाहिजे. तळव्याच्या कमानीखाली मध्येच दुमडला तर आतली आधाराची पट्टी लेचीपेची आहे किंवा नाहीच. असा बूट घालून तासभर गाडी चालवली की फूटरेस्ट तळव्याला जाणवायला लागतो. अजिबातच वाकला नाही तर तो गाडीवरून न उतरणाऱ्यांसाठी. मग तसाच धरून ओला टॉवेल पिळतो तसा पिळून बघा. थोडा फिरेल, पण लगेच विरोध जाणवायला हवा. त्यानंतर चवड्यापाशी सोलच्या दोन्ही कडा पंजात पकडून आत दाबा. ही परीक्षा फारसं कोणी करत नाही आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. नुसत्या हाताच्या जोराने सोल अरुंद होत असेल तर २०० किलोच्या गाडीखाली त्याचं काय होईल हे दुकानदाराला विचारत बसू नका.

शेवटी टाचेची मागची वाटी आणि घोट्यावरचे भाग चिमटीत दाबा. वाटी दबता कामा नये. घोट्यावर बाहेरून काही दिसत नसलं तरी आत कडक चकती हाताला लागायला हवी, आणि तीही दोन्ही बाजूंना. काही बुटांत ती फक्त बाहेरून असते. बाहेरची बाजू रस्त्यावर आपटते हे खरं, पण आतली बाजू इंजिनवर आपटते. डावा घोटा आधीच कमकुवत असल्यामुळे तुम्ही इथे तडजोड करू नये. तो घोटा अजूनही अधूनमधून दगा देत असेल तर मात्र आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा, ते काम बुटाचं नाही.

आता तुमच्या त्या टोचणाऱ्या घडीबद्दल. उंच, जाड चामड्याचा बूट घोटा झुकला की कुठेतरी दुमडणारच. बनवणाऱ्याने दुमडायची जागा ठरवून दिली नसेल तर तो स्वतःची जागा शोधतो, आणि ती जागा तुमच्या पायाला सोयीची असेलच असं नाही. चांगल्या बुटांत घोट्याच्या पुढे आणि मागे चुणीदार, पातळ पट्टा असतो आणि त्याच उंचीवर दोन्ही बाजूंना कडक चकत्या. पुढेमागे मोकळं, आडवं बंद. पोटरीपर्यंतचा बूट तुम्हाला लागत नाही. घोट्याच्या हाडावर चार-पाच बोटं चढणारा मध्यम उंचीचा जोड बघा. नडगीचं संरक्षण कमी होईल, हे मान्य करूनच. गुडघ्याचे पॅड नडगीवरही उतरणारे असतील तर ती उणीव बरीचशी भरून निघते.

हाताच्या परीक्षेला लेबलाची जोड द्या. मोटरसायकलच्या पादत्राणांसाठी युरोपात ईएन १३६३४ हे मानक आहे. बुटाच्या जिभेच्या आत किंवा वरच्या कडेला शिवलेल्या लेबलावर मोटरसायकलस्वाराचं छोटं चित्र असतं आणि २०१७ च्या आवृत्तीनुसार चाचणी झाली असेल तर खाली चार अंक. प्रत्येक अंक १ किंवा २, आणि २ ही वरची पातळी. पहिला उंचीचा, दुसरा रस्त्यावर घासण्याला तोंड देण्याचा, तिसरा कापलं जाण्याला तोंड देण्याचा आणि चौथा सोल आडवा चेपला जाण्याला तोंड देण्याचा, म्हणजे तुम्ही पंजात धरून जे दाबलंत त्याचाच. पहिल्या जागी १ असला म्हणून नाक मुरडू नका, त्याचा अर्थ बूट बुटका आहे इतकाच. तुमच्या कामाला तोच बरा. चौथ्या जागी २ असेल तर मात्र तो जोड घेण्यासाठी बाजूला काढून ठेवा.

अंकांखेरीज काही अक्षरं असतात. आयपीए म्हणजे घोट्याच्या संरक्षणाची चाचणी उत्तीर्ण, आयपीएस म्हणजे नडगीची, डब्ल्यूआर म्हणजे पाण्याची. गंमत अशी की घोट्याची चाचणी ऐच्छिक आहे. चारही अंक असूनही आयपीए नसलेले बूट सर्रास मिळतात, विशेषतः दिसायला स्नीकरसारखे असणारे. नुसत्या सीई या खुणेवरही जाऊ नका. ती वेगवेगळ्या मानकांखाली मिळते, त्यामुळे शेजारी १३६३४ हा आकडा आहे का ते बघा.

सहकाऱ्याच्या सेफ्टी शूजची गोष्ट इथेच निकालात निघते. त्यांच्यावरही सीई असतं, पण मानक आयएसओ २०३४५ हे. त्यात बोटांवरच्या टोपीला २०० जूलचा आघात सोसावा लागतो, म्हणजे साधारण २० किलोचं वजन एक मीटरवरून पडावं इतका. कारखान्यात वरून जड वस्तू पडते, त्यासाठी ते उत्तम आहे. घोटा बाजूला मोडण्याचा किंवा रस्त्यावर घसटत जाण्याचा विचार त्यात मोटरसायकलस्वाराच्या अंगाने केलेला नाही. त्यात पोलादी टोपीमुळे पुढचा भाग फुगीर होतो आणि गिअर लिव्हरखाली जाता जाता अडतो. टोपीची मागची कड पाऊल वाकतं नेमकी तिथेच येत असेल तर चार किलोमीटर चालल्यावर बोटांच्या वरची सालटी निघतील ती वेगळीच. तेव्हा सहकाऱ्याचे आभार माना आणि विषय बदला.

नवऱ्याचं म्हणणं मात्र तितकं उडवून लावण्याजोगं नाही. मोटरसायकल अपघातात सापडलेल्यांवरचा ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मोटरसायकलसाठी न बनवलेले साधे बूट घालणाऱ्यांनाही शूज घालणाऱ्यांच्या तुलनेत पावलाच्या आणि घोट्याच्या दुखापतीचा धोका निम्म्याच्या आसपास आढळला. म्हणजे ट्रेकिंगचे बूट आज तुम्ही घालता त्या स्पोर्ट्स शूजपेक्षा नक्कीच बरे, आणि नवा जोड मिळेपर्यंत उद्यापासून तेच घाला. पण काम एकच नाही. ट्रेकिंग बुटाची घोट्याभोवतीची गादी मुरगळण्यापासून थोडंफार वाचवते, आपटण्यापासून नाही. वरचं कापड हलकं आणि जाळीचं असतं, ते डांबरावर घसटायला केलेलं नसतं. नाडी अडकवायचे उघडे धातूचे आकडे कशात ना कशात गुंततात.

शिवाय सोल. खोल खाचांचा रबरी सोल गिर्यारोहकांचा. इटलीचे गिर्यारोहक विताले ब्रामानी यांचे सहा सोबती १९३५ मध्ये आल्प्समध्ये दगावले, त्यात अपुऱ्या पादत्राणांचाही वाटा होता असं मानलं जातं, आणि त्यातून १९३७ मध्ये ब्रामानींनी तो आणला. खडक आणि चिखल धरून ठेवण्यात त्याला तोड नाही. फूटरेस्टवर मात्र हेच धरून ठेवणं नको असतं. पाय जरा पुढे सरकवायचा, मागे घ्यायचा, सिग्नलला पटकन खाली टेकवायचा, तेव्हा खोल खाच फूटरेस्टच्या दातांत बसते आणि पाय अर्ध्या क्षणाने उशिरा निघतो. तुमच्यासाठी टाचेला आणि पुढे मध्यम खाचा, कमानीखाली जवळजवळ सपाट आणि टाचेपाशी छोटी पायरी, असा सोल योग्य. ओल्या फरशीवर आणि पेट्रोल पंपावरच्या तेलकट जमिनीवर तो धरतो का, हेही महत्त्वाचं. कडक प्लास्टिकसारखा चकचकीत सोल दिसला की पुढच्या जोडाकडे वळा.

मापाकडे येऊ, कारण तुमचे फोड तिथूनच आलेत असा माझा दाट संशय आहे. युरोपीय नंबर म्हणजे बूट ज्या पायाच्या आकाराच्या साच्यावर घडवतात त्याची लांबी, दर नंबराला दोन तृतीयांश सेंटीमीटर या हिशेबाने. ४२ नंबरचा साचा २८ सेंटीमीटरचा. पण साच्यात बोटांपुढे किती जागा सोडायची हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते, म्हणून एकीचा ४० आणि दुसरीचा ४० सारखे बसत नाहीत. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, गाडीवर घालता ते मोजे घालून कागदावर उभं राहा आणि दोन्ही पावलं आखून घ्या. मोठ्या पावलाचं माप धरा. आणखी एक माप घ्या जे सहसा कोणी घेत नाही, ते टाचेच्या मागच्या टोकापासून चवड्याच्या सगळ्यात रुंद भागापर्यंतचं. दोन माणसांची पावलं एकाच लांबीची असूनही एकाची बोटं लांब आणि दुसऱ्याची आखूड असू शकतात. बूट जिथे वाकतो आणि पाऊल जिथे वाकतं त्या दोन जागा जुळल्या नाहीत की बूट मागे राहतो आणि टाच वर उचलली जाते. मग कितीही घट्ट बांधा, फोड येणारच.

पुढे रुंद, मागे अरुंद पायाला फक्त झिपने बंद होणारा बूट घेऊ नका. झिप सगळीकडे एकाच मापाने बंद होते. नाडी आणि झिप दोन्ही असलेला जोड घ्या. नाडीने एकदा आकार बसवायचा आणि रोज झिपने घालायचा-काढायचा. वरच्या दोन छिद्रांत नाडीचा फास करून टाच मागे ओढून धरायची युक्ती ट्रेकिंग करणाऱ्यांना ठाऊक असते, ती इथेही चालते. गोल फिरवून घट्ट करायची चकती असलेले बूटही छान, फक्त चकती गाडीच्या बाजूला येत नाही ना ते बघा. झिप आतल्या बाजूला हवी, म्हणजे घसटताना ती रस्त्याला लागत नाही. नाडीची टोकं पट्ट्याखाली किंवा आत खोचून टाका. गिअर लिव्हरमध्ये नाडी अडकली की थांबताना पाय खाली येत नाही आणि उभ्या जागी गाडीसकट आडवं व्हायला होतं, तेही नेमकं सगळ्यांच्या समोर.

पायात घातल्यावर दुकानात दोन फेऱ्या मारून निर्णय घेऊ नका. उतारावरून किंवा जिन्यावरून खाली या. बोटं पुढे आपटत असतील तर तो लांबीला कमी आहे. अंगठ्यापुढे साधारण एक सेंटीमीटर मोकळं राहिलं पाहिजे. मग बुटक्या स्टुलावर गाडीवर बसता तसे गुडघे दुमडून दहा मिनिटं बसा. उभं असताना न जाणवणारी वरची कड या अवस्थेत नडगीत किंवा पोटरीत रुतते. चामडं वापरता वापरता रुंदीला थोडं सैल होतं, लांबीला होत नाही. त्यामुळे चवड्यापाशी किंचित घट्ट असलेला जोड चालेल, बोटांना टेकणारा कधीच नाही. ऑनलाइन मागवलात तर पहिले दोन-तीन दिवस घरातच, स्वच्छ फरशीवर वापरा, म्हणजे परत करायची सोय राहते.

वजनाकडे दुर्लक्ष करू नका. पायातलं ओझं पाठीवरच्या तेवढ्याच ओझ्यापेक्षा कितीतरी जास्त दमवतं, कारण ते प्रत्येक पावलाला उचलावं लागतं. चाचण्यांत सारखे उतरलेल्या दोन जोडांपैकी हलका घ्या.

जलरोधक पडद्याचा मोह सगळ्यांना होतो. असा पडदा बाहेरचं चामडं आणि आतलं अस्तर यांच्या मध्ये असतो, बाहेरचं पाणी अडवतो आणि घामाची वाफ बाहेर जाऊ देतो. पण उन्हात वाफ पुरेशी बाहेर जात नाही, पाय ओलसर राहतो, आणि ओलसर कातडी घासली की फोड लवकर येतो. वरून पाणी शिरलं तर तोच पडदा ते आत कोंडून ठेवतो, म्हणून पँट नेहमी बुटावरून खाली सोडायची, आत खोचायची नाही. तुम्ही वर्षातले बहुतेक दिवस कोरड्या रस्त्यावर असाल तर पडदा नसलेला चामड्याचा बूट आणि पिशवीत रबरी आवरणं, हा मार्ग मला जास्त पटतो. चालायच्या आधी मात्र आवरणं काढा, ती पायी टिकत नाहीत. मोजे लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे घ्या. सुती मोजा घाम पितो आणि धरून ठेवतो. भिजलेले बूट हीटरपुढे ठेवू नका, आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा, नाहीतर चामडं तडकतं आणि सोलचा चिकटा सुटतो.

मावसभावाला प्रेमाने नाही म्हणा. बऱ्याच बुटांच्या सोलमध्ये पॉलियुरेथेन असतं आणि हवेतल्या दमटपणाने ते वर्षानुवर्षं आतून विघटित होत राहतं, बूट वापरा किंवा न वापरा. वापरात नसलेले बूट उलट आधी भुसभुशीत होतात असा अनेकांचा अनुभव आहे. कपाटातून काढताना कोरा दिसणारा जोड पहिल्याच मोठ्या फेरीत तळ सोडून देतो. दुकानात मोठ्या सवलतीत जुना माल मिळाला तरी हेच लक्षात ठेवा, आणि बुटावर उत्पादनाची तारीख असेल तर ती वाचा.

एका जोडाची मर्यादाही सांगून ठेवतो. चार-पाच किलोमीटर, पायवाट, पायऱ्या, थोडी चढण, एवढं असा बूट आनंदाने करेल. दिवसभराची खडी चढाई आणि पाठीवर सामान असेल तर हलके शूज गाडीला बांधून न्या आणि बूट तिथे बदला.

बूट आले की गाडीवर एक काम करावं लागेल, जे बहुतेक जण करत नाहीत आणि मग बुटालाच नावं ठेवतात. स्पोर्ट्स शूजच्या मानाने रायडिंग बुटाचं टोक जाड असतं, त्यामुळे गिअर लिव्हरची आत्ताची उंची तुम्हाला कमी पडेल. वरचा गिअर टाकायला पाय अख्खा उचलावा लागला किंवा टोक लिव्हरखाली घुसवावं लागलं, तर लिव्हर वर घ्यायचा. बऱ्याच गाड्यांत तो दातेरी दांड्यावर बसवलेला असतो. बोल्ट सैल करून, काढून, एक दाता वर बसवायचा आणि पुन्हा घट्ट करायचा. काही गाड्यांत जोडदांडी फिरवून उंची बदलता येते. मागच्या ब्रेकचं पेडलही तपासा. जाड सोलमुळे पाय नुसता ठेवला तरी ब्रेक किंचित दाबलेला राहत असेल तर ते खाली घ्या, आणि ब्रेकचा दिवा पेडल दाबल्यावरच लागतो ना ते बघा. हे मेकॅनिककडून करून घेतलंत तरी काही मिनिटांचं काम आहे, पण जाताना नवे बूट पायात घालून जा.